इमॅजिकाच्या दाराबाहेर जेवायचे कुठे?

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आमच्या वस्तीतील मंडळात दरवर्षी सहलीचा विषय निघतो. पूर्वी राणीचा बाग, चौपाटी आणि फार तर घारापुरी एवढ्यावर भागत असे. गेली काही वर्षे मात्र पोरांच्या तोंडी एकच नाव आहे, इमॅजिका. खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यातील सांगडेवाडी येथे २०१३ साली हे उद्यान सुरू झाले. २०१४ मध्ये शेजारी पाण्याचे उद्यान आले, पाठोपाठ मोठे हॉटेलही उभे राहिले. २०२२ पासून हा सारा कारभार मालपाणी समूहाकडे आहे. आत कोणते पाळणे आहेत आणि कोणत्या पाळण्यात पोटात गोळा येतो, हे आम्ही सांगायला नको. आपल्या घरातील लहानग्यांना ते सारे आपल्यापेक्षा जास्त पाठ असते. आम्हाला लिहायचे आहे ते जेवणाविषयी.

सहलीचा हिशेब मांडताना तिकीट दिसते, गाडीभाडे दिसते, जेवण मात्र कोणाला दिसत नाही. ते घरातील बाईच्या अंगावर आपोआप पडते. सकाळी सहाला बस सुटणार म्हणजे ती तीन वाजता उठणार. चाळीस चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, ठेचा, पोरांसाठी वेगळा गोड शिरा, एवढे करून तिने डबे बांधायचे, सर्वांच्या आधी तयार व्हायचे आणि बसमध्ये बसल्याबरोबर पेंगायला लागायचे. पुढे उद्यानाच्या दारात कळते की अशा बहुतेक ठिकाणांप्रमाणे येथेही बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. मग सकाळी दहा वाजता, भूक नसताना, गाड्यांच्या तळावर उन्हात उभ्याने ते डबे संपवायचे. उरलेली भाजी संध्याकाळपर्यंत आंबते. जिने तीन वाजता उठून ती केली, तिच्याच हाताने ती गटारात जाते. हा प्रकार आम्ही अनेक सहलींत पाहिला. शेवटी मंडळाच्या बैठकीत महिलांनीच विषय मांडला आणि ठराव झाला की यापुढे सहलीला डबा नाही. सहलीचा दिवस बायकांच्याही सुट्टीचा दिवस. वर्गणीत जेवणाचे पैसे आधीच धरायचे आणि जेवायचे ते बाहेर, टेबलाशी बसून, वाढणाऱ्याने वाढलेले.

आता ‘बाहेर’ म्हणजे कोठे, हा प्रश्न. उद्यानाच्या आतही उपाहारगृहे आहेत, शेजारच्या मोठ्या हॉटेलातही आहेत. ज्यांना परवडते त्यांनी तेथे जरूर जेवावे, त्यात गैर काही नाही. पण चाळीस-बेचाळीस माणसांची बस, त्यात गिरणी बंद झाल्यावर वॉचमन झालेले, घरकाम करणाऱ्या भगिनी, पालिकेच्या सफाई खात्यातले बंधू, अशा आपल्या माणसांना घेऊन जाताना दोन वेळचे ताट परवडले पाहिजे. आमचा अनुभव असा की सकाळी वाटेतच भरपेट नाश्ता करावा, दुपारी आत मुलांपुरते थोडे घ्यावे आणि संध्याकाळी बाहेर पडल्यावर सावकाश जेवावे. यात पोट राहते आणि पैसाही राहतो.

मुंबईकडून जाणाऱ्यांनी द्रुतगती महामार्गाच्या मोहात पडू नये असे आमचे मत आहे. वेळ वाचतो हे खरे, पण एकदा त्या रस्त्याला लागले की खाण्यासाठी फूड मॉलशिवाय फारसा पर्याय राहत नाही, आणि तेथे सुट्टीच्या दिवशी कूपनच्या रांगेतच पोरे रडकुंडीला येतात. त्यापेक्षा पनवेलवरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघावे. पळस्पे फाट्यापाशी, जेथे गोव्याचा रस्ता वेगळा होतो, तेथे दत्त स्नॅक्स आहे. कोकणात जाणारी मंडळी वर्षानुवर्षे येथे थांबत आली आहेत. कोथिंबीर वडी, मिसळ, थालीपीठ, वर पियूष, असे आपल्या ओळखीचे मराठी खाणे मिळते. गर्दी असते, पण ती भराभर हलते. आमच्या बसमधील मुलांनी आल्या आल्या ‘नूडल्स आहेत का’ विचारले होते. कोथिंबीर वडीची पहिली बशी संपल्यावर पुन्हा कोणी ते नाव काढले नाही. मिसळ मात्र बसमध्ये ज्यांना मळमळते त्यांनी जाताना घेऊ नये, पुढे पाळण्यातही बसायचे असते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कोणी सांगत नाही. भाड्याच्या बसचा ड्रायव्हर तुम्हाला ‘मस्त हॉटेल आहे, माझ्या ओळखीचे’ म्हणून कोठेतरी उभे करतो. हमरस्त्यावरील बऱ्याच हॉटेलांत बस आणणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरला जेवण फुकट असते, कधी वर चहापाणीही मिळते. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. दिवसभर उपाशी गाडी हाकणाऱ्या माणसाला एक ताट मिळत असेल तर आपण का आडवे यावे? पण ते ताट शेवटी आपल्या बेचाळीस ताटांच्या भावातून निघते. म्हणून आम्ही बस ठरवतानाच सांगतो, ‘भाऊ, तुमचे जेवण आमच्या पंगतीत, आमच्या खर्चाने. थांबायचे कोठे ते आम्ही सांगू.’ तोही खूश, आम्हीही मोकळे.

उद्यानातून सुटल्यावर पालीच्या दिशेने किंवा उलट खोपोलीकडे, दोन्ही बाजूंना रस्त्याकडेला घरगुती खाणावळी आहेत. काहींना पाटी आहे, काहींना नुसता फळा. आम्ही नावे मुद्दाम देत नाही, कारण अशा खाणावळी एका हंगामात चांगल्या चालतात आणि दुसऱ्या हंगामात चालवणारी बाईच बदललेली असते. त्यापेक्षा कशी ओळखावी ते सांगतो. चूल किंवा शेगडी दिसेल अशी असावी. भाकरी तांदळाची असावी आणि मागितल्यावर थापली जात असावी, टोपलीत रचून ठेवलेली नसावी. हा भाताचा मुलूख आहे, येथे चपातीचा आग्रह धरणाऱ्याला चपाती मिळते पण ती रडतखडत. गावठी कोंबडीचा रस्सा मिळतो, जवळा किंवा सुकट मिळते, आणि ज्यांना मांसाहार नको त्यांनी वालाचे बिरडे आहे का हे आधी विचारावे. या भागातले कडवे वाल, मोड काढून, सोलून केलेले, एकदा खाल्ले की पनीरच्या भाजीत काय ठेवले आहे असे वाटते. आमच्या बसमध्ये पनीर पनीर करणारी तरुण मंडळी होतीच. त्यांना पनीरही मिळाले. ते मुंबईतल्यासारखेच होते.

थंडीत जाणाऱ्यांचे नशीब अधिक चांगले. पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की रायगड जिल्ह्यात पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, मधून मधून अंडी, बटाटे, वांगी, मसाला चोळलेले कोंबडीचे तुकडे. तोंड पुन्हा पाल्याने घट्ट बंद करून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. शेंगा आपल्याच वाफेवर आणि त्या पाल्याच्या वासावर शिजतात. मडके शेतातच फोडायचे किंवा उलटायचे आणि गोल बसून खायचे. हे खरे तर शेतावरच्या माणसांचे खाणे, पण अलीकडे हंगामात रस्त्याकडेला ‘पोपटी मिळेल’ अशा पाट्या दिसतात. आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवावे लागते. इतक्या माणसांची पोपटी आयत्या वेळी कोणी लावून देणार नाही. पोपटी संध्याकाळची, आणि अर्ध्या-पाऊण तासाची वाट पाहण्याची तयारी असलेल्यांची. पोरांना मात्र त्या जाळाभोवती उभे राहण्यात उद्यानातल्या पाळण्याइतकीच मजा आली. एका पोराने विचारले, ‘याचे तिकीट किती?’

मोठा गट असेल तर फोन करताना चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. थाळी मर्यादित की पोटभर? लहान मुलांची अर्धी थाळी आहे का? भाकरी किती, रस्सा पुन्हा मिळेल का? आणि चौथी गोष्ट, जी पुरुष कार्यकर्ते हमखास विसरतात, बायकांसाठी स्वच्छ आणि कडी लागणारे संडास आहे का? आमच्या भगिनी सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, त्याचे कारण हेच असते. उन्हात दिवसभर पाणी न पिता पाळण्यात बसायचे आणि संध्याकाळी डोके धरून बसायचे! जेथे तशी सोय नाही ती खाणावळ कितीही चविष्ट असो, आम्ही यादीतून काढतो. वाटेतल्या पेट्रोल पंपावर संडास आणि पिण्याचे पाणी विनामूल्य असते, तेल घेतले नाही तरी मागता येते, हेही भगिनींना माहीत असू द्यावे.

गेल्या खेपेला आमच्यासोबत वस्तीतील मोठी आक्का होती. वय सत्तरीच्या पुढे. नातीच्या हट्टापायी आली. दिवसभर उद्यानात एका झाडाखाली बसून तिने सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या. संध्याकाळी खाणावळीशी बस थांबली, सगळे उतरले, आक्का उतरेना. ‘तुम्ही जा, मला भूक न्हाई. माझ्याकडं शेंगदाणं हायती,’ म्हणाली. आम्हाला वाटले गुडघे दुखत असतील. पण तिच्या नातीने, वय वर्षे दहा, बसच्या पायरीवर उभे राहून जाहीर केले, ‘आजी आल्याशिवाय मी जेवणार नाही.’ मग आक्का उतरली. आत आली ती दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर टेकली, जणू कोणी उठ म्हणाले तर लगेच उठता यावे. ताट आले. तिने मान खाली घालून, एक शब्द न बोलता भाकरी आणि रस्सा खाल्ला. जेवून झाल्यावर ताट उचलले, पदर खोचला आणि मोरी शोधायला निघाली.

खाणावळ चालवणारी बाई चुलीपासून धावत आली. ‘आजी, ताट ठेवा. ते आमचं काम.’

‘मी धुते की. माझं उष्टं हाय.’

‘उष्टं तर सगळ्यांचंच असतं, आजी. द्या इकडं.’ आणि तिने ताट हातातून काढून घेतले.

आक्काच्या गावच्या चहाच्या हॉटेलात तिच्या लहानपणी आपल्या लोकांच्या कपबश्या वेगळ्या असत. त्या बाहेर वळचणीला ठेवलेल्या, चहा वरून ओतला जाई, आणि पिऊन झाले की आपली कपबशी आपण धुऊन पुन्हा तेथेच उपडी घालायची. ही हकिकत आक्काने आम्हाला परतताना सांगितली, तीही आम्ही विचारल्यावर. मुंबईत पन्नास वर्षे काढली, चार घरची धुणीभांडी केली, मुले शिकवली, मंडळाच्या प्रत्येक मोर्चात पुढे. पण हॉटेलात बसून ताट सोडून उठायचे, हे तिच्या हाताला ठाऊक नव्हते. नात शेजारी बसून ऐकत होती. तिला त्यातले निम्मेही कळले नाही. ‘पण आजी, कप वेगळे का?’ असे तिने तीनदा विचारले. आक्का म्हणाली, ‘लोक येडे होते.’

वाचकहो, भारतीय संविधानाचे पंधरावे कलम आपण भाषणांतून पुष्कळदा ऐकतो. त्याच्या दुसऱ्या उपकलमाकडे या सहलीच्या निमित्ताने पुन्हा पाहावे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला कोठे अडवता येणार नाही, याची यादी तेथे दिली आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा. पुढे विहिरी, तलाव, घाट, रस्ते येतात. पाणवठ्यासाठी महाडला १९२७ साली काय झाले ते आपण जाणतोच, आणि तो महाड याच रायगड जिल्ह्यात आहे. पण यादीत विहिरीच्या आधी हॉटेल आणि करमणूक आहे, हे आमच्या लक्षात आले ते हा लेख लिहायला बसल्यावर. म्हणजे पोरांचे उद्यान आणि आक्काची खाणावळ, आमच्या एका दिवसाच्या सहलीतले दोन्ही मुक्काम एकाच ओळीत बसतात. पोटभर खाणे आणि मजा करणे ही चैन आहे, ती आपल्यासारख्यांनी करू नये, असे आपल्यातलेच काही वडीलधारे म्हणतात. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना तसे वाटले नव्हते.

आणि हे सर्व जुने झाले असेही कोणी समजू नये. एका हॉटेलात, ते या रस्त्यावरचे नव्हे आणि त्याचे नाव आम्ही लिहीत नाही, बसवरचा निळा झेंडा पाहून मॅनेजरने ‘जागा नाही’ म्हटले. आत निम्मी टेबले रिकामी दिसत होती. आम्ही आवाज न चढवता एवढेच म्हणालो, ‘साहेब, जागा नसल्याचे कारण आणि तुमचे नाव या कागदावर लिहून द्या.’ पाच मिनिटांत टेबले निघाली. आम्ही आभार मानले आणि तेथे जेवलो नाही. मुलांना भूक लागली होती, तरी कोणी कुरकुर केली नाही. पुढे दहा मिनिटांवर दुसरे हॉटेल मिळाले. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अशा प्रकारांसाठीच आहे, हे कार्यकर्त्यांनी तरी पाठ ठेवावे.

आता बिलाकडे वळू. आम्ही पडलो कारकून, वर वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे बिल हातात आले की आमचा हात आपोआप चष्म्याकडे जातो आणि सौभाग्यवती दुसरीकडे पाहू लागतात. पण या विषयात आपल्या लोकांचे पैसे विनाकारण जातात म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साध्या उपाहारगृहात, मग ते वातानुकूलित असो वा नसो, जीएसटी ५ टक्के. हा दर नोव्हेंबर २०१७ पासून आहे. हजार रुपयांच्या जेवणावर पन्नास रुपये, बिलात ते पंचवीस-पंचवीस असे दोन ओळींत, सीजीएसटी आणि एसजीएसटी म्हणून दिसतात. पाहून घाबरू नये, दोन कर नव्हेत, एकाचेच दोन भाग. मात्र ज्या हॉटेलात राहण्याच्या खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजारांच्या वर जाते, त्याच्या आवारातील उपाहारगृहाला १८ टक्के लागतो. म्हणजे त्याच हजारावर एकशे ऐंशी. रिसॉर्टच्या आत आणि रिसॉर्टच्या बाहेर जेवणे यात पदार्थांच्या भावाचा फरक असतोच, पण करातही असा फरक पडू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आत शिरण्यापूर्वी विचारून घ्यावे, विचारायला कर लागत नाही.

तिसरा प्रकार लहान खाणावळींचा. वर्षाची उलाढाल दीड कोटींपर्यंत असेल तर त्यांना कंपोझिशन योजना घेता येते. ते आपला कर स्वतःच्या खिशातून भरतात, गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेण्याचा त्यांना अधिकार नाही आणि बिलावर तसे लिहावे लागते. आम्ही एकदा अशा एका बिलावर वर ‘कंपोझिशन’ छापलेले आणि खाली ५ टक्के लावलेले पाहिले. गल्ल्यावरच्या मुलाला समजावून सांगितले, त्याने मालकाला बोलावले, मालकाने हसत पैसे परत दिले. भांडण झाले नाही. बहुतेक वेळा होत नाही, बिल वाचणारा माणूस समोर आहे एवढे कळले की पुरते.

सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, हा कर नव्हे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितले की ते बिलात आपोआप जोडता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. तेव्हा ‘हे काढा’ म्हणायला लाजू नये. पण त्याचबरोबर ज्या पोराने बेचाळीस माणसांना वाकून वाकून वाढले त्याच्या हातात थेट काही ठेवावे. तो कोणाच्या तरी घरचा शिकणारा मुलगा असतो. मालकाच्या गल्ल्यात गेलेले सेवा शुल्क त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही, हातात ठेवलेली नोट पोहोचते.

एका बाबतीत मात्र आपले लोक चुकीच्या जागी भांडतात. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून हॉटेलात तंटा होतो. दुकानदाराला तसे घेता येत नाही, पण बसून सेवा घेण्याच्या हॉटेल-उपाहारगृहांना डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून मोकळे केले आहे. उपाय सोपा. बाटली दुकानातून घ्यावी, किंवा साधे पाणी मागावे. बिलावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक आहे का तेवढे पाहून ठेवावे. जेवणाने कोणी आजारी पडले तर तक्रारीला तोच आकडा लागतो.

जे बस करून जात नाहीत, दोघे-चौघे मिळून जातात, त्यांच्यासाठी रेल्वे आहे. कर्जतवरून खोपोलीला लोकलचा फाटा जातो. हा मार्ग १८५६ सालचा, म्हणजे बोरघाटातली रेल्वे होण्याच्याही आधीचा. येथूनच पुढे १९१५ पासून टाटांच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्या गिरण्यांच्या विणखात्यात धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून आपल्या आजोबांना उभे करत नसत, त्याच गिरण्या. खोपोलीत उतरल्यावर पालीकडे जाणारी एसटी पकडावी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, तेव्हा आजी-आजोबांना घरी ठेवायचे कारण नाही. वयाचा पुरावा मात्र जवळ असू द्यावा. खोपोलीत जुन्या हमरस्त्यावर रमाकांतचा बटाटावडा नावाजलेला आहे. घाट चढण्यापूर्वी तेथे थांबायचे, ही जुन्या ट्रक-ड्रायव्हरांची रीत. तिखट चटणी वेगळी मागावी.

पालीला देऊळ आहे म्हणून तेथे गाड्यांची रीघ असते. आपल्या मंडळींना त्या रांगेत काम नाही, पण देवळाभोवतीच्या दुकानांत पोह्याचे पापड आणि मिरगुंड मिळतात, ते घ्यायला काय हरकत आहे? पापडाला धर्म नसतो. साध्या भोजनालयांत शाकाहारी थाळीही मिळते. मे महिन्यात रस्त्याकडेला कातकरी भगिनी द्रोणातून करवंदे-जांभळे विकायला बसतात. त्यांच्याशी घासाघीस करू नये. उद्यानाच्या दारात एका शब्दाने भाव न करणारे आपण, पळसाच्या पानावर पाच रुपयांसाठी का अडावे?

ज्यांना एक रात्र मुक्काम करून दुसरा दिवस काढता येतो त्यांनी घाट चढून कार्ले-भाजे येथील लेणी मुलांना दाखवावीत. कार्ल्याचे चैत्यगृह पाहिल्याशिवाय परतणे म्हणजे घरापाशी येऊन उंबरा न ओलांडणे. लेण्यांच्या पायथ्याशी पोहे-वडे-चहाची साधी हॉटेले आहेत, चढण्याआधी चहा आणि उतरल्यावर जेवण असा क्रम ठेवावा, उलटा नको. लोणावळ्यात ‘मगनलाल’ नावाच्या चिक्कीच्या पाट्या इतक्या आहेत की खरा कोणता हे विचारण्यात वेळ घालवू नये. समोर तुकडा चाखायला देतात, जिभेला पटेल तेथून घ्यावी.

रेल्वेने परतणाऱ्यांना अनेकदा कर्जतला गाडी बदलावी लागते. घाटात गाडी ढकलायला मागून जादा इंजिने जोडायची म्हणून पुण्याकडच्या गाड्या कर्जतला थांबत, आणि त्या थांब्यातच दिवाडकरांच्या वड्याने या स्टेशनचे नाव महाराष्ट्रभर केले. आमच्या मते वडा गरम असतानाच, फलाटावर उभ्याने खावा. घरी नेलेला वडा म्हणजे नुसता बटाटा. फक्त आधी इंडिकेटर पाहून ठेवावा. रात्री खोपोली-कर्जत बाजूला गाड्या विरळ होतात, आणि हातात वडापाव घेऊन धावती लोकल पकडण्याचा खेळ कोणत्याही पाळण्यापेक्षा धोक्याचा आहे.